नाशिकमधून पडद्यापर्यंत: नटांची सुरुवात होते तरी कशी?

कारंज्यावरचा (प्रश्न)

जॉनी वॉकर बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होते, निळू फुले पुण्यात माळीकाम करायचे, अशोक सराफ स्टेट बँकेत होते. लेख असो वा मुलाखत, गोष्ट इथून जी उडी मारते ती थेट पहिल्या गाजलेल्या चित्रपटावर. मधली वर्षं गायब. मला त्या मधल्या वर्षांबद्दल विचारायचं आहे. पडद्यावर येण्याआधी या लोकांनी नेमकं काय केलं होतं?

दुसरं असं की, आज नाशिकमध्ये कॉलेजात असलेल्या मुलाला किंवा मुलीला त्यातलं इथे राहून काय करता येईल? मुंबई कधी गाठावी? विनोदी कामाची वाट वेगळी असते का? भाचीची बॅग भरून तयार आहे आणि घरात रोज वाद चालू आहेत, म्हणून नेमकं काही सांगितलंत तर बरं होईल.

---

विंगेतला

मधली वर्षं शोधायची तर एकच गोष्ट पाहायची: पहिला चित्रपट मिळाला तेव्हा त्या माणसाला प्रेक्षकांसमोर उभं राहण्याची किती सवय होती.

निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते, हे खरं. पण त्याच काळात ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात होते, लोकनाट्य करत होते. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगाने त्यांचं नाव झालं आणि १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’ आला. खेड्यापाड्यांत उघड्यावरच्या प्रेक्षकाला धरून ठेवण्याचं शिक्षण आधी झालं होतं, कॅमेरा नंतर आला. दादा कोंडक्यांचंही तसंच. नोकरी अपना बाजारमध्ये, उमेदवारी सेवा दलात, नाव ‘विच्छा माझी पुरी करा’ने, ‘तांबडी माती’ १९६९ मध्ये आणि ‘सोंगाड्या’ १९७१ मध्ये.

लक्ष्मीकांत बेर्डे गिरगावच्या साहित्य संघात नोकरीला होते. दिवसभर नाट्यगृहाच्याच वास्तूत वावरायचं आणि मिळेल ती छोटी भूमिका करायची. १९८३ मध्ये ‘टूर टूर’ हे नाटक आलं आणि १९८५ मध्ये ‘धूमधडाका’. प्रशांत दामलेही ‘टूर टूर’मधलेच, आणि त्यांचीही नोकरी बेस्टमध्ये. अशोक सराफांनी बँकेची नोकरी सांभाळून व्यावसायिक रंगभूमीवर ‘ययाति आणि देवयानी’तला विदूषक केला. ‘पांडू हवालदार’ १९७५ चा. म्हणजे नोकरी पोटासाठी होती आणि त्याच वेळी संध्याकाळी उमेदवारी चालू होती. लेखात नोकरी तेवढी उरते, कारण ती ऐकायला गंमतशीर वाटते.

जॉनी वॉकर यांचीही तीच गत. बलराज साहनींनी त्यांना पाहिलं नि गुरुदत्तांकडे पाठवलं, १९५१ च्या ‘बाजी’त काम मिळालं, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण साहनींच्या नजरेत ते का भरले? बसमधल्या प्रवाशांना नकला करून हसवणं हा त्यांचा रोजचा उद्योग होता. दर थांब्याला नवे प्रेक्षक, तेही तिकीट काढून बसलेले पण करमणुकीसाठी न आलेले. विनोदाची यापेक्षा कठीण तालीम नाही.

बाहेरच्या देशातही वेगळं नाही. चार्ली चॅप्लिन १९१४ साली कीस्टोनच्या चित्रपटांत दिसला तेव्हा तो चोविशीत होता, पण रंगमंचावर तो दहा वर्षांचाही नव्हता तेव्हापासून होता आणि फ्रेड कार्नोच्या मूकनाट्य मंडळीत १९०८ पासून. त्याच मंडळीत त्याचा बदली नट म्हणून स्टॅन लॉरेल होता, पुढे लॉरेल-हार्डीमधला. बस्टर कीटन तर आईवडिलांच्या खेळात लहानपणापासून आपटून घेत होता. १९१७ मध्ये तो कॅमेऱ्यासमोर आला तेव्हा कसं पडायचं हे त्याला शिकवायची गरजच नव्हती.

उशिरा आलेल्यांची उदाहरणं भाचीला मुद्दाम सांगा. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. कॉलेजापासून नाटक, मग भालबा केळकरांबरोबर पुण्याच्या पीडीए या नाट्यसंस्थेत वर्षानुवर्षं हौशी काम, आणि १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून पूर्णवेळ नट. ते नाटक आपल्या वसंत कानेटकरांचं. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’, ते आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं. ‘पिंजरा’ त्यानंतर, १९७२ मध्ये. बोमन इराणी ताजमध्ये वेटर, मग घरचं वेफर्सचं दुकान, मग छायाचित्रकार, मग नाटक; ‘मुन्नाभाई’ २००३ चा, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. नवाजुद्दीन सिद्दीकी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून, म्हणजे एनएसडीतून, १९९६ मध्ये बाहेर पडले, ‘सरफरोश’मध्ये १९९९ ला मिनिटभर दिसले आणि ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ उजाडला २०१२ मध्ये. नामवंत संस्थेतून शिकूनही सोळा वर्षं गेली.

नुसत्या चेहऱ्यावर सुरुवात झालेले लोक आहेत, नाही असं नाही. त्याचं सर्वांत जुनं उदाहरण फाळक्यांचंच. ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या खाणावळीतले आचारी अण्णा साळुंके यांना त्यांनी महिना पंधरा रुपयांवर घेतलं, आधी दहा मिळत होते. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. पण तेव्हा चित्रपटात काम करायला माणसंच मिळत नव्हती. आज एका छोट्या भूमिकेसाठी ऑडिशनच्या व्हिडिओ टेप शेकड्यांनी जातात. अण्णा साळुंक्यांची वाट आता बंद झाली आहे, निळूभाऊंची अजून चालू आहे.

---

तिसरी घंटा

विंगेतला यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात एक भर: तात्यासाहेब शिरवाडकर स्वतः नाशिकच्याच गोदावरी सिनेटोन या चित्रपट कंपनीत होते. १९३६ च्या ‘सती सुलोचना’ची पटकथा त्यांची आणि लक्ष्मणाची भूमिकाही. फाळक्यांनीही पहिल्या चित्रपटानंतर बिऱ्हाड नाशिकला हलवलं होतं. म्हणजे या गावाला पडदा नवा नाही.

आता नाशिकमध्ये काय करता येईल ते सांगतो. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आपल्या केंद्रावर होते. पूर्ण लांबीचं नाटक, महिना-दोन महिने तालीम, आणि प्रयोग तुमच्यावर प्रेम नसलेल्या परीक्षकांसमोर. केंद्रावर अभिनयाचं रौप्यपदक मिळतं, पुढे अंतिम फेरी. कॉलेजच्या एकांकिका स्पर्धांमध्ये ‘लोकसत्ता’च्या लोकांकिका स्पर्धेची नाशिकला विभागीय फेरी असते. इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकांतून निवडलेल्या मुंबईत चतुरंग संस्थेच्या ‘सवाई’ एकांकिका स्पर्धेला जातात, २५ जानेवारीच्या रात्री. मराठी मालिकांसाठी नट शोधणारी बरीच मंडळी या स्पर्धा प्रेक्षकांत बसून पाहतात. ऑडिशनच्या रांगेत जे पंचवीस सेकंद मिळतात, तिथे ती पाऊण तास होतात.

पण संघात शिरल्याबरोबर भूमिका मागू नका. आधी बॅकस्टेज. आणि बॅकस्टेजमध्येही शक्य असेल तर प्रॉम्पटिंग, म्हणजे विंगेतून वाक्यं सुचवण्याचं काम, मागून घ्या. कारण सांगतो. प्रॉम्पटरला सगळ्या पात्रांची वाक्यं पाठ होतात, कुणाचा पॉज किती लांब आहे ते कळतं, आणि तालमीला कोणी गैरहजर राहिलं की त्याची जागा प्रॉम्पटरच भरतो. प्रयोगाच्या चार दिवस आधी एखादा आजारी पडला तर दिग्दर्शकाची नजर आपोआप तुमच्याकडे वळते. बदलीवर उभे राहून टिकलेले नट मराठी रंगभूमीवर किती आहेत ते मोजायला बसलात तर दमाल.

कुठे फसतं तेही लिहून ठेवा. स्पर्धेत एकांकिका बाद होते ती बहुतेकदा अभिनयामुळे नव्हे. वेळ ओलांडली, लेखकाचं परवानगीपत्र नाही, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र वेळेत आलं नाही, नेपथ्य लावायला दिलेल्या मिनिटांत लागलं नाही. संहिता मंडळाकडे शेवटच्या आठवड्यात पाठवली की गेलंच. वेळेचं गणित असं ठेवा: नियमात ४५ मिनिटं असतील तर रंगीत तालीम ४० मिनिटांत संपली पाहिजे. प्रयोगात हशा आणि टाळ्या तीन-चार मिनिटं खातात.

नाटकं वाचायला सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, जा. ‘सायखेडकर’ नाट्यगृह त्याच आवारात आहे, तालमीला जाता-येता पुस्तक बदलता येतं. आणि ‘कालिदास’ नाट्यगृहाला व्यावसायिक प्रयोग लागला की शक्य तर मागच्या रांगेचं तिकीट काढा. शेवटच्या रांगेत कोणाच्या शब्दाचा शेवट ऐकू येतो आणि कोणाचा गिळला जातो, हे तिथेच कळतं.

---

कारंज्यावरचा

इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. भाचीने आत्तापर्यंत सात-आठ ठिकाणी मोबाइलवर टेप करून पाठवल्या, एकाचंही उत्तर नाही. टेपमध्ये नेमकं काय बघतात? ती नाटकात बरी आहे, आवाज मोठा आहे.

---

क्लोजअप

‘आवाज मोठा आहे’ इथेच पहिली शंका येते. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असते, टेपमध्ये मोबाइल पाच-सहा फुटांवर असतो. समोर बसलेल्या माणसाशी बोलतो तेवढाच आवाज ठेवा. भुवया नि हातही त्याच मापात आणा. नाटकातली मुलं टेपमध्ये पडतात ती बहुतेक याच कारणाने, अभिनय वाईट असतो म्हणून नाही.

आता मांडणी.

मोबाइल आडवा, स्टँडवर, भिंग बरोबर डोळ्यांच्या उंचीला. पुस्तकांच्या चळतीवर ठेवला तरी चालेल, हातात धरलेला चालणार नाही. मागे एकरंगी भिंत, तिच्यापासून दोन-तीन फूट पुढे उभं राहायचं, म्हणजे सावली भिंतीवर पडत नाही. उजेड समोरून हवा: दिवसा खिडकीकडे तोंड करून, मोबाइल खिडकी आणि तुमच्या मध्ये. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा. चौकट छातीपासून डोक्याच्या जरा वरपर्यंत. पंखा बंद, फ्रीजच्या खोलीत नको. कपडा साधा, एका रंगाचा. बारीक रेघा कॅमेऱ्यात लुकलुकतात आणि पांढऱ्याशुभ्र कपड्याने चेहरा काळवंडतो.

सुरुवातीला ओळख. ही एकच वेळ भिंगात बघायची. नाव, वय, उंची, सध्या राहण्याचं गाव, येणाऱ्या भाषा, तारखा मोकळ्या आहेत का. मग डावी बाजू, उजवी बाजू, हाताचे तळवे पुढून-मागून, आणि एकदा डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण. वीस-पंचवीस सेकंदांत आटपा. उंची खरी सांगा. दोन इंच वाढवून सांगितलेली उंची सेटवर नायकाशेजारी उभं केलं की उघडी पडते आणि ते नाव परत निघत नाही.

संवादांचा प्रवेश करताना भिंगात बघायचं नाही. समोरचं पात्र वाचणारा माणूस मोबाइलच्या अगदी लगत, डोळ्यांच्या उंचीला बसवा नि त्याच्याकडे बघा. इथे सर्रास एक घोळ होतो: वाचणारा माईकच्या जवळ असतो, त्यामुळे त्याचा आवाज दणदणीत आणि नटाचा बारीक येतो. वाचणाऱ्याने जवळजवळ कुजबुजतच, सपाट वाचायचं. त्याने अभिनय करायचा नाही. आणि समोरचा बोलत असताना तुमचा चेहरा काय करतो, तेच निवडणारा बघतो. पाठांतर आठवत असलेला चेहरा लगेच ओळखू येतो: डोळे वर जातात आणि ओठ आधीच हलायला लागतात.

आणखी एक. संहितेत ‘रडते’ असं लिहिलेलं असलं तरी रडायलाच हवं असं नाही. रडू दाबणारा माणूस जवळून जास्त दिसतो.

फाइलला नाव द्या: स्वतःचं नाव, भूमिका, वय, उंची. ‘व्हिडिओ एक’ अशी फाइल शंभर जणांची असते. संगीत, फिल्टर, चकचकीत अक्षरं काही नको. फोटो चार पुरेत: समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उभा, महिनाभरातले, जवळजवळ मेकअपविना. आठ टेपना उत्तर नाही याचं मनावर घेऊ नये. नकार कोणी कळवत नाही, होकार तेवढा कळवतात, आणि तो बहुतेक वेळा ‘उद्या सकाळी या’ असा असतो.

---

टाळीचा पंच

विनोदाची वाट वेगळी का, तर अर्धी वेगळी. जॉनी लिव्हर हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात कामाला होते. तिथल्या कार्यक्रमांत साहेबांच्या नकला केल्या आणि ‘लिव्हर’ हे नाव तिथेच चिकटलं. मग कल्याणजी-आनंदजींबरोबर स्टेज शो, आणि चित्रपट त्यानंतर. मराठीत भरत जाधव, अंकुश चौधरी, केदार शिंदे ही मंडळी शाहीर साबळ्यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’त होती, ‘सही रे सही’ २००२ मध्ये आलं. म्हणजे विनोदी नटाकडे बहुतेकदा आधीपासून स्वतःचा तयार माल असतो: नकला, बतावणी, स्किट. गंभीर नटाला भूमिका कोणीतरी देतो. विनोदवीर तिची वाट न बघता स्वतःचं लिहून उभा राहू शकतो, आणि हा फार मोठा फायदा आहे. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांतही लिहिता येणारा नट जास्त टिकतो.

सुरुवात ओपन माईकने करा, म्हणजे कोणालाही उभं राहून आपला विनोद करून बघता येतो त्या कार्यक्रमाने. पाच मिनिटं मिळतात. पाच मिनिटं म्हणजे सहाशे-सातशे शब्द असं समजून मुलं लिहून आणतात आणि धावत सुटतात. हशाला जागा ठेवायची तर पाचशे शब्द पुरेत. पंधरा-वीस सेकंदांत एक हशा यायला हवा. त्याहून लांब प्रस्तावना झाली की लोक मोबाइल काढतात. माईक स्टँडवरून काढला तर स्टँड उचलून बाजूला ठेवा, समोर उभा राहिला तर तुमच्यात आणि लोकांत कुंपण होतं. शेवटचा मिनिट उरला की मागून दिवा दाखवतात. तो दिसला की नवीन किस्सा सुरू करायचा नाही.

मराठीत एक खास अडचण आहे आणि ती शिकवत फारसं कोणी नाही. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. हसू ज्या शब्दावर फुटायला हवं तो मध्येच येऊन जातो आणि मागून ‘असते’, ‘होता’, ‘राहिली’ हे शेपूट येतं. लोक हसायला लागतात आणि तुम्ही अजून बोलताय. हे बघा:

‘आमच्या सोसायटीत पाणी येतं तेव्हा सगळे जागे असतात, फक्त मोटार झोपलेली असते.’

इथे ‘मोटार’ आल्यावर हसू सुटतं आणि ‘झोपलेली असते’ त्यात बुडतं. आता उलटून बघा:

‘पहाटे चारला पाणी येतं. अख्खी सोसायटी जागी. झोपलेली फक्त मोटार.’

शेवटचा शब्द मोटार, त्यानंतर तोंड बंद. शब्द बहुतेक तेच आहेत, फक्त क्रियापदं छाटली आणि हसवणारा शब्द शेवटाला नेला. लिहिलेला प्रत्येक पंच, म्हणजे हशाचं वाक्य, या पद्धतीने तपासा: शेवटचा शब्द कोणता, आणि त्याच्यामागे काही लोंबतंय का.

हशा चढत असताना पुढचं वाक्य कधीही टाकू नका. तो पूर्ण विझेपर्यंतही थांबू नका. उतरायला लागला, निम्म्याच्या खाली आला की पुढचं वाक्य. लोकनाट्यातले जुने सोंगाडे हे श्वासावर मोजत.

प्रत्येक वेळी मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करा. घरी ऐकताना संहितेच्या कागदावर खुणा करा: मोठा हशा, छोटा हशा, शांतता. सलग तीन वेळा शांतता आलेलं वाक्य काढून टाका, कितीही लाडकं असलं तरी. मित्रांसमोर केलेला प्रयोग मोजू नका. ते तुम्हाला ओळखतात म्हणून हसतात.

---

पावती जपून ठेवा

पैशांचं थोडक्यात. ऑडिशनला, नोंदणीला, ‘आर्टिस्ट कार्ड’ला, पोर्टफोलिओ आमच्याकडेच काढा म्हणून कोणी पैसे मागितले की तिथूनच परत फिरा. काम देणारा नटाकडून पैसे घेत नाही. मुलीला एकटीला हॉटेलच्या खोलीत ऑडिशनला बोलावलं तर जाऊ नये, नाव कितीही मोठं सांगितलं तरी.

मालिकेचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी येतात, तेही बिल दिल्यावर. १० टक्के टीडीएस कापला जातो. पॅन आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं आधी तयार ठेवा आणि विवरणपत्र भरून कापलेला कर परत मागा. पहिले तीन महिने काम मिळूनही हातात काही नसतं. मुंबईला जाणाऱ्यांचं गणित इथेच कोसळतं. नाटकात ‘नाईट’ असते, म्हणजे प्रयोगामागे मानधन, आणि ती बहुधा लवकर मिळते. एका दिवसाच्या कामाला कपडे स्वतःचेच आणायला सांगतात, त्यासाठी दोन साधे पंजाबी ड्रेस, एक सुती साडी नि साध्या चपला इस्त्रीसकट वेगळ्या ठेवाव्यात.

---

तिसरी घंटा

@कारंज्यावरचा, मुंबई कधी याचं उत्तर राहिलं होतं. नाशिकला एक सोय आहे जी नागपूर-लातूरच्या मुलांना नाही: सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने निघून दुपारपर्यंत अंधेरीत ऑडिशन देऊन संध्याकाळच्या पंचवटीने घरी येता येतं. दादरला उतरा, पश्चिमेची लोकल पकडा. मराठी मालिकांचे बरेच सेट ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याला किंवा गोरेगावच्या चित्रनगरीत असतात. ठाण्याचं काम असेल तर दादरपर्यंत जायचीही गरज नाही. तेव्हा खोली भाड्याने घेण्याची घाई नको. ऑडिशन जाऊन-येऊन द्यावी आणि सलग काम हातात आल्यावर बिऱ्हाड हलवावं.

तोपर्यंत पदवी पूर्ण करू द्या. एनएसडीला पदवी लागते, आणि नाटकांत काम केल्याचा पुरावाही. तेव्हा स्पर्धेची प्रमाणपत्रं, पत्रिका, तिच्या नावासकट छापलेली कात्रणं आत्तापासून एका फाइलमध्ये ठेवा. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. प्रवेशाला दोन-तीन उतारे तयार लागतात: एक गंभीर, एक विनोदी, एक गद्य-पद्य मिश्र चालेल. दोन मिनिटांचे, आणि तिच्या वयाचे. विशीतल्या मुलीने ‘नटसम्राट’मधल्या म्हाताऱ्या कावेरीचा उतारा आणला की परीक्षकांना अभिनय दिसायच्या आधी वय दिसतं.

---

कारंज्यावरचा

बॅग तूर्तास माळ्यावर गेली. राज्य नाट्यची तालीम जवळच चालू आहे, तिथे प्रॉम्पटिंगसाठी विचारणार आहे. एकच राहिलं: प्रॉम्पटिंगला संहिता स्वतःची प्रत लागते की तिथे देतात?

---

तिसरी घंटा

देतात, पण स्वतःची झेरॉक्स काढा, एका बाजूला छापलेली. कोऱ्या बाजूवर हालचाली नि पॉज पेन्सिलीने लिहायचे. पेनने नको, दिग्दर्शक पंधरा वेळा बदलतो. आणि विंगेत वाचायला छोटी टॉर्च, तिच्यावर निळा जिलेटीन कागद, म्हणजे उजेड रंगमंचावर फुटत नाही.